करदोड्यातलं शिसं

आधी तिचं सांगतो, माझं नंतर.

हैद्राबादच्या ज्या दवाखान्यात माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं, तिथं वॉर्डात फरशी पुसायला एक बाई होती. मूळची सिरोंच्याकडची. तिचं नाव मला पाठ आहे, पण विचारल्याशिवाय कोणाचं नाव कागदावर टाकणं मला बरं वाटत नाही, आणि विचारायला ती आज कुठे आहे तेच माहीत नाही. म्हणून इथे तिला सिरोंच्याची बाई म्हणतो. डॉक्टरांचे उपकार मोठेच आहेत. पण त्यांच्या खोलीबाहेर हात जोडून उभ्या असलेल्या माणसांची रोज गर्दी असायची. बाईसमोर हात जोडताना मी कोणाला पाहिलं नाही. म्हणून तिचं पहिलं.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही, आणि भित्रा तर लहानपणापासून. ज्या दिवसांबद्दल सांगतो आहे त्या दिवसांत भीती सोडून दुसरं फारसं काही नव्हतंच.

आमचं गाव आरमोरीच्या बाजूचं. घर मासेमारीचं. बाबा तलावात आणि नदीत फेकजाळं टाकायचे. जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात, त्यांच्या वजनानं जाळं पाण्यात तळापर्यंत बसतं. मी पाच-सहा वर्षांचा असताना तलावात पाय घसरून खोल पाण्यात गेलो. बाबा काठावरच होते. उडी मारण्याआधी त्यांनी हातातलं जाळं माझ्यावर फेकलं आणि मला माशासारखं ओढून बाहेर काढलं. गावात अजून लोक हसतात त्यावर. "ह्याले बापानं पकडून आनला, जन्मला कुठी!" असं म्हणतात. त्या जाळ्याचा एक शिशाचा मणी बाबांनी काढला आणि माझ्या करदोड्यात ओवला. करदोडा म्हणजे कमरेचा काळा दोरा. आमच्याकडे जिवंत माणसाचा करदोडा तोडत नाहीत. झिजला तर नवा बांधायचा आणि मग जुना काढायचा. कंबर रिकामी होते ती फक्त नदीच्या काठी, सरणावर ठेवताना. दोरे बदलत गेले, पण मणी तोच राहिला. मी मोठा झालो, राजुऱ्याला कामाला गेलो, तेव्हाही तो कमरेलाच होता.

राजुऱ्याला कोळशाच्या ट्रकवर हमाली करायचो. भरलेल्या ट्रकवर चढून ताडपत्री ओढायची, दोरी आवळायची. एके दिवशी आवळताना दोरी तुटली आणि मी पाठीवर खाली आलो. पडल्याचं दुखणं नंतर आलं. आधी आवाज आला. माझ्याच आतून, वाळलेली काडी मोडल्यासारखा.

चंद्रपूरला दाखवलं. मणका मोडला होता. नुसतं पडून राहायला सांगितलं. उन्हाळा गेला, धान रोवलं गेलं, कापणीला आलं, तोवर मी बाजेवरच. उठलो तेव्हा पाठीत एका बाजूला कुबड आलेलं होतं, पण चालता येत होतं, म्हणून देवाला हात जोडले.

मग एकदा तलावाच्या पाळीवरून बाबांच्या मागे चाललो होतो. बाबा वळून म्हणाले, "तुही एक चप्पल कुठी?"

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. मागे पाहिलं तर पार मागे, पाळीच्या वळणावर पडलेली. मी तिथून इथवर एका अनवाणी पायानं आलो होतो, गोट्यावरून, काट्यावरून, आणि मला कळलं नव्हतं. तळव्याला रक्त होतं. बाबा मागे फिरले. जाऊन चप्पल घेऊन आले आणि खाली बसून स्वतःच्या हातानं माझ्या पायात घातली. त्यांच्या हाताचा स्पर्शही मला नीट कळत नव्हता. तिथून भीती जी आत शिरली, ती आजवर पूर्ण गेली नाही.

ज्या ट्रकवरून पडलो त्याचा ड्रायव्हर तेलंगी होता. तो वाईट वाटून गावी भेटायला आला. त्यानं सांगितलं, हैद्राबादेत एका ट्रस्टचा दवाखाना आहे, गरिबाला फुकट करतात, मणक्याचे मोठे डॉक्टर आहेत. बाबा उभ्या आयुष्यात वडसा आणि चंद्रपूर याच्या पुढे गेले नव्हते. बल्लारशाहून गाडी पकडली. पूर्ण रस्ता त्यांनी माझा डावा पाय मांडीवर घेतला होता, जसा काही कोणी तो चोरून नेणार होता.

दवाखाना एवढा मोठा की आत शिरल्यावर दार कुठल्या बाजूला राहिलं तेच कळेना. सगळं बोलणं तेलुगू. डॉक्टर माझ्याशी हिंदीत बोलायचे, ते मला समजायचं. बाबांना हिंदी समजायची, पण भीतीत तीही समजेनाशी झाली होती. ते नुसते "हाव, हाव" करायचे आणि डॉक्टर गेले की मला विचारायचे, "काय म्हने?"

दुसऱ्या दिवशी कॉटखाली पोछा मारता मारता एक बाई थांबली. आमचं बोलणं ऐकत होती. सरळ उभी झाली आणि म्हणाली, "कुठचे व्हय तुमी? गडचिरोलीकडचे का?"

बाबांचे डोळे भरून आले. आपली बोली त्या एवढ्या मोठ्या इमारतीत एका पोछा मारणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकली आणि म्हातारा लेकरासारखा रडला. बाई म्हणाली, "अय्यो, काऊन रडता भाऊ? मी सिरोंच्याची. लगन करून इकडं आली, अर्धी तेलंगी झाली. रडू नका बाप्पा, फरशी मी आत्ताच पुसली हाय."

तेव्हापासून ती येता-जाता थांबायची. नर्सनी तेलुगूत काय म्हटलं ते सांगायची. माझ्याकडे पाहून म्हणायची, "भयपडकू, बाबू." भिऊ नको, असा त्याचा अर्थ. दिवसभरात कितीदा तरी म्हणायची, कारण माझं तोंडच तसं होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. माझा मोडलेला मणका वाकडा जुळला होता आणि वरचे-खालचे मणके पिळल्यासारखे झाले होते. आतली नस दाबली जात होती. नस मोकळी करायची आणि मणक्यांत स्क्रू घालून सळयांनी पाठ धरून ठेवायची. पण स्क्रू घालायला मणक्यात जी जागा असते ती पेन्सिलीएवढी, आणि तिच्या अगदी शेजारून नस. सरळ पाठीत डॉक्टरांच्या हाताला ती जागा सापडते. माझ्या पिळलेल्या पाठीत अंदाज चुकू शकत होता. म्हणून कॉम्प्युटर. आधी सिटी स्कॅन काढायचा, फार बारीक बारीक कापांचा. तो कॉम्प्युटरमध्ये घालायचा. ऑपरेशनच्या वेळी हाडाला एक चिमटा लावतात, त्यावर राखाडी रंगाचे छोटे गोळे असतात, तसेच गोळे अवजारावर. एक कॅमेरा त्या गोळ्यांकडे बघत राहतो. मग डॉक्टरांना पडद्यावर दिसतं की अवजाराचं टोक हाडाच्या आत नेमकं कुठे आहे.

"मशीन नया है," डॉक्टर म्हणाले, "लेकिन हाथ मेरा पुराना है. मशीन सिर्फ रास्ता दिखाती है."

मी मान हलवली. पण मनात वेगळंच सुरू झालं. फोटोतली पाठ आणि खरी पाठ यांची जुळणी करतात म्हणाले. नाहीच जुळली तर? फोटोतला मी आणि पालथा पडलेला मी वेगळे निघालो तर स्क्रू कोणाच्या पाठीत जाणार?

बाबांची भीती साधी होती. त्यांनी बाईकरवी डॉक्टरांना विचारायला लावलं. "साहेबाले विचार, मधातच लाईन गेली तं?"

आमच्याकडे तेव्हा भारनियमन. दिवसा लाईन असली तर लोक नवल करायचे. बाईनं विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले की इथली लाईट जात नाही, मोठं जनरेटर आहे. बाबांनी खालच्या आवाजात मला म्हटलं, "आरमोरीचा लाईनमनही असंच म्हनते."

स्कॅनच्या दिवशी तिथल्या माणसानं सांगितलं, अंगावरचं सगळं धातूचं काढा. मी कानातली बाळी काढली. करदोडा दाखवला. तो म्हणाला, हेही काढा, आणि आपल्या यंत्राकडे वळला. दोरा तेलापाण्यानं आवळून बसलेला, गाठ मागच्या बाजूला, माझा हात तिथे पोचेना. बाबा म्हणाले, "थांब, मी काढतो." त्यांनी गाऊनखाली हात घातला, जरा वेळ चाचपलं आणि म्हणाले, "झालं." मला ट्रॉलीवरून मशीनच्या फळीवर सरकवलं. फळी त्या गोल भोकात गेली. श्वास धरा म्हणाले की धरायचा, सोडा म्हणाले की सोडायचा. मी तर सोडायला सांगितल्यावरही धरून ठेवत होतो.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. संध्याकाळी डॉक्टर स्वतः वॉर्डात आले, तावातावानं. मागे नर्स आणि स्कॅनचा माणूस. फिल्म उजेडाला धरली. मला काही समजत नाही त्यातलं, पण एवढं मलाही दिसलं. नेमक्या खालच्या मणक्यांच्या ठिकाणी एक पांढराफेक ठिपका होता आणि त्यातून चारी बाजूंना पांढरे पट्टे निघाले होते, उन्हाकडे पाहिल्यावर डोळ्यांपुढे येतात तसे. त्या पट्ट्यांमागे मणका दिसतच नव्हता.

"इसपे मैं स्क्रू डालूं?" डॉक्टर म्हणाले. "अंधा होके डालूं?"

नर्सनी मला कुशीवर वळवलं. गाऊन वर केला. करदोडा होता तिथेच होता, फक्त जरा खाली सरकवून मागे, कमरेच्या हाडाखाली ढकललेला. शिशाचा मणी कातडीत रुतून बसला होता. सकाळपासून.

बाबा भिंतीला टेकले. "पाठीचा फोटो होता ना," ते म्हणाले. "मले वाटलं, खाली सरकवलं तं पाठीत येनार नाई. तोडनं माह्यानं झालं नाई बाबू. माह्या हातानं तुहा करदोडा कसा काढू?"

बाईनं डॉक्टरांना तेलुगूत ते सांगितलं. मला वाटलं आता ओरडतील, घरी जा म्हणतील. पण डॉक्टर बाबांकडे पाहतच नव्हते. ते त्या मण्याच्या जागेकडे पाहत होते. तिथे खड्डा पडला होता आणि कातडी सोलली होती.

"सुबह से इसपे लेटा है," ते मला हळू आवाजात म्हणाले. "तेरेको चुभा नहीं?"

नाही. मला काहीच टोचलं नव्हतं. बोराएवढा मणी अंगाखाली घेऊन मी दिवसभर पडलो होतो आणि मला कळलं नव्हतं. कालपर्यंत पायच बधिर होता. आता तो बधिरपणा वर चढत कमरेपर्यंत आला होता. डॉक्टरांनी खिशातून टाचणी काढली आणि टोचत टोचत वर आले. "यहाँ? यहाँ?" मी नाही, नाही म्हणत गेलो. प्रत्येक नाहीला त्यांचा चेहरा उतरत होता. शेवटी टाचणी खिशात टाकली आणि नर्सला म्हणाले, लगेच परत स्कॅन, उद्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. मला हिंदीत म्हणाले, उशीर करता येणार नाही. किती उशीर झाला आहे ते ऑपरेशननंतर कळेल.

नर्स कैची घेऊन आली. बाबांनी तिचा हात धरला. जोरानं नाही, पण सोडलाही नाही. "नाई," ते म्हणाले. "कापाचा नाई." नर्स तेलुगूत चिडली. मी म्हणालो, "बाबा, सोडा. कापू द्या." पण खरं सांगू? कैची उघडलेली दिसत होती आणि मला नदीचा काठ दिसत होता. सरणावरच्या माझ्या आजाचा दोरा कोणी तोडला, कसा तोडला, ते सगळं आठवत होतं.

बाईनं बादली खाली ठेवली. पदराला हात पुसले आणि मधे आली.

"भाऊ, कोनी कापत नाई. मी सोडतो गाठ. कापनं वेगळं, सोडनं वेगळं." नर्सला तेलुगूत काहीतरी म्हटलं, नर्सनी हात कपाळावर मारला, पण थांबली. बाबा म्हणाले, "पन कमर रिकामी राह्यली तं? नवा बांधतो म्हटलं तं तोही नाई चालत म्हनते हे लोकं."

"करदोडा जमिनीवर ठेवाचा नाई, खुंटीवर टांगाचा नाई, एवढंच ना? मग माह्या अंगावर राहीन."

तिनं माझ्या मागे बसून ती गाठ सोडवली. गाठ जाळ्याची होती, बाबांच्या हातची, वर्षानुवर्षांची आवळलेली. नखानं जमलं नाही तेव्हा ती वाकली आणि दातानं सोडवली. दवाखान्याच्या वॉर्डात, डॉक्टरांदेखत, एका परक्या माणसाच्या मळक्या दोऱ्याला तिनं दात लावले. मग तो करदोडा मण्यासकट आपल्या दंडाला गुंडाळला, बाबांना म्हणाली, "बांधा." बाबांनी तिच्या दंडावर गाठ मारली.

"घ्या," ती मला म्हणाली, "आता तुहा जीव माह्या दंडाले. बुडवला तं मी जबाबदार." आणि हसली. "आपल्या पायानं चालत येऊन घेऊन जाय. पलंगावर पडल्या पडल्या देनार नाई."

स्कॅन परत झाला. ह्या वेळी चित्र स्वच्छ आलं म्हणे.

सकाळी ऑपरेशनच्या खोलीत नेलं. थंडी एवढी की दात वाजत होते, का भीतीनं वाजत होते कोणास ठाऊक. एका खांबावर दोन डोळ्यांसारखा कॅमेरा होता, तो वरून माझ्याकडे बघत होता. पडद्यावर एक पाठीचा कणा होता, पिळलेला, झाडाच्या मुळीसारखा. माझाच. जिवंतपणी आपलं हाडूक कोणी पाहू नये. मी कमरेला हात लावून पाहिला. काही नव्हतं. बाबांचं सगळं खोटं आहे असं मानायला मला त्या क्षणी फार आवडलं असतं, पण मानता आलं नाही. दार बंद होण्याआधी मान वळवली. बाहेर बाबा बाकावर होते आणि त्यांच्या बाजूला बाई पोछा घेऊन उभी होती, दंड पुढे करून, मला दिसावा म्हणून.

मग कोणीतरी तोंडावर मास्क धरला.

जाग आली तेव्हा पालथा नव्हतो, उताणा होतो, आणि घशात नळीची खरखर होती. पाठीत आग. डॉक्टरांचा आवाज आला, "अंगूठा हिला. बायाँ." मी हलवला. म्हणजे हलवायचं मनात आणलं. मला कळेना हलला की नाही. बघायला मान उचलता येईना. त्या एवढ्या वेळात माझं सगळं आयुष्य बाजेवर काढून झालं. आईनं मला उचलून अंगणात ठेवलेलं, तलावाच्या पाळीवर दुसरेच कोणी चाललेले.

"फिरसे."

परत मनात आणलं. आणि पायाच्या बाजूनं बाईचा आवाज आला. तिला तिथे उभं राहायची परवानगी नव्हती, नंतर तिला बोलणी बसली. पण ती ओरडलीच, "हालला! भाऊ, हालला! अय्यो, जरासाच, पन हालला!"

बाबा दाराबाहेर होते. त्यांच्या रडण्याचा आवाज मला आत ऐकू आला.

बधिरपणा उतरायला पुढे खूप दिवस गेले, आणि डाव्या पायाची करंगळी आजही माझी वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, स्क्रू जिथे पाहिजे तिथे गेले, पाव इंच इकडे-तिकडे झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. पहिल्या फोटोवर काम केलं असतं तर काय झालं असतं ते मी विचारलं नाही.

करदोडा बाईच्याच दंडाला राहिला. टाके कमरेजवळ होते, नर्स दोरा बांधू देत नव्हती. बाई रोज कामावर येताना पदर सारून दाखवायची. जेवणाच्या वेळी बाबांजवळ बसून गोष्टी करायची. म्हणायची, लग्नाच्या वेळी ती डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, बसून प्राणहिता नदी उतरली होती, नवीन लुगड्यात, पाय पाण्यात लागू नये म्हणून वर घेऊन. त्यानंतर डोंग्यात बसलीच नाही. "इथी नदी नाई का बाप्पा? हाय, पन तिच्यात कोन बसते?" तिला झिंगे आठवायचे, आणि वल्हं पाण्यात पडतानाचा आवाज.

मग तिच्या मुलीचं बाळंतपण आलं. ती गावी गेली, लवकर येतो म्हणून. दंडावर मणी तसाच. तेवढ्यात मला सुट्टी मिळाली, वॉकर धरून, पट्टा बांधून. बाबा दारापर्यंत मागे वळून वळून बघत होते.

पुढच्या वेळी तपासणीला मी वॉकरशिवाय आलो. बल्लारशाच्या स्टेशनचा जिना स्वतः चढलो होतो. डॉक्टरांना चालून दाखवलं, आणि लगेच वॉर्डात गेलो. तिथे फरशी पुसायला दुसऱ्या बायका होत्या. ठेका बदलला होता. जुन्या बायका कुठे गेल्या कोणाला माहीत नव्हतं. मी वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. कोणाला तरी दाखवायला पाहिजे होतं.

गावी येऊन बाबांना सांगितलं. माझी कंबर तेव्हाही रिकामी होती. मला वाटलं घाबरतील. त्यांनी नवा दोरा आणला, बांधला, साधाच. मणी ओवला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मनी एकच होता. तो कामावर हाय."

बाबा आता नाहीत. त्यांचा करदोडा मी काढला, माझ्या हातानं, नदीच्या काठी. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी त्यांच्यानं ते का झालं नाही. माझी पाठ थंडीत दुखते, आणि पाय जरा झोपला की मी अजूनही चप्पल आहे का बघतो. पण मी जाळं टाकतो. डोंगा माझा स्वतःचा आहे.

बाई, तू सिरोंच्याला असशील, नाहीतर त्या मोठ्या शहरात कोणाच्या तरी फरशीवर वाकलेली असशील. मी सिरोंच्याकडच्या गावांतून विचारत फिरतो आहे, बाजाराच्या दिवशी, बसस्टँडवर, अहेरीकडून जाता-येता. सापडलीस की मणी परत मागणार नाही, तो तुझ्याच दंडाला शोभतो. चालत येऊन तुला घाटावर घेऊन जाईन, पाय वर घेऊन डोंग्यात बसवीन, आणि ह्या काठावरून त्या काठावर नेईन. वल्हं मी मारीन. हे मी करणार आहे, ह्या दोन पायांत जोर आहे तोवर.